इराणच्या राजाला दोनदा हरवल्याबद्दल

मराठवाड्यात जाऊन आलो म्हटलं की पुण्यातला माणूस पहिल्यांदा विचारतो, "मग, वेरूळ बघितलंत?" नाही बघितलं. मी गेलो होतो उस्मानाबाद जिल्ह्यात, आणि तेही लेणी बघायला नव्हे, एक माणूस बघायला. त्या माणसानं मात्र मला बघू नये अशी माझी मनापासून इच्छा होती. अशा हेतूनं केलेल्या प्रवासाचं वर्णन सहसा कोणी लिहीत नाही. मी लिहितोय, कारण आल्यागेल्याला हे सगळं माझ्याआधी बायकोच सांगून मोकळी होते, आणि तिच्या सांगण्यात मी फारच बावळट दिसतो. माझ्या सांगण्यात थोडा कमी दिसेन अशी आशा आहे.

मी इतिहासाचा मास्तर. जगाच्या इतिहासावर माझं एक प्रश्नोत्तररूपी पुस्तक आहे. ते मी लिहिलं असं मुखपृष्ठावर छापलंय. खरं म्हणजे टेबलावर डाव्या हाताला एक इंग्रजी पुस्तक होतं, उजव्या हाताला उर्दूवरून मराठीत आलेलं एक, आणि मध्ये मी. डावीकडच्या पुस्तकात सिकंदर इराणच्या 'डरायस तिसरा' नावाच्या राजाला हरवत होता, उजवीकडच्यात 'दारा' नावाच्या. मी कोणावरच अन्याय केला नाही. पान अठ्ठेचाळीसवर सिकंदरानं शेवटच्या लढाईत डरायसला हरवलं आणि समोरच्याच पान एकोणपन्नासवर, त्याच लढाईत, दाराला. वर एक प्रश्नही घातला: 'डरायस व दारा यांच्या पराभवांची तुलना करा.' पोरांनी ती वर्षानुवर्षं केली. चांगली केली.

पुस्तक बरं खपलं म्हणून खात्यानं मला परीक्षक नेमलं. मराठवाडा मुंबई राज्यात आला त्यानंतरची ही गोष्ट. तिकडं निजामाच्या अमदानीत शाळा उर्दूतून चालत. त्या शाळांतल्या जुन्या शिक्षकांना आता मराठीतून परीक्षा द्यायची होती. पास झाला की नोकरी कायम, तिसऱ्यांदा नापास झाला की घरी. मला काय, मी लाल पेन्सिल घेऊन बसलो आणि माझ्या पुस्तकाबरहुकूम गुण देत, कापत गेलो.

एके दिवशी खात्याचं पत्र आलं. मुरुम गावच्या एका शिक्षकाची हरकत सोबत जोडली होती, आणि खाली, 'खुलासा करावा.' हरकत सुरेख, गोल अक्षरात होती: 'परीक्षकांनी दारा व डरायस हे दोन इसम धरून माझे दोन गुण वजा केले आहेत. हा इसम एकच असून त्या लढाईत तो एकदाच हरला आहे. आर्टाझर्क्सीज राजाला मी अर्दशीर म्हटले म्हणून आणखी एक गुण वजा आहे. तेही नाव त्याचेच. मी तीन गुणांनी नापास आहे. ही माझी तिसरी व शेवटची परीक्षा आहे.'

मी वाचनालयात गेलो. तासाभरात कळलं की माणूस बरोबर आहे. दोन्ही राजे एकच. मी एका गृहस्थाला एकाच रणांगणावर दोनदा हरवलं होतं, आणि ज्यानं ते दाखवून दिलं त्याला नापास केलं होतं.

आता कोणीही सज्जन माणूस काय करेल? खुलासा लिहून मोकळा होईल. पण खुलासा लिहिणं म्हणजे पुस्तक गेलं, परीक्षकपद गेलं, शिक्षकांच्या खोलीतली खिडकीजवळची खुर्चीसुद्धा गेली. मी वेगळा विचार केला. उत्तर बरोबर असेल, पण माणूस चूक निघू शकतो. कॉपी करणारा असेल. वर्गात झोपणारा असेल. जाऊन बघितलं तर पाहिजे.

"तुळजापूरला जाऊ या," मी बायकोला म्हणालो. "कुलदेवीचं दर्शन किती वर्षं राहिलंय. तिथून मुरुमही जवळच आहे म्हणे."

तिनं खात्याचं पत्र आधीच वाचलेलं होतं. "माफी मागायला जाताय की नुसतं बघायला?"

"बघायला."

"मग मी येते. एकटे गेलात तर काहीतरी कराल."

तुळजापूर

सोलापूरच्या स्टँडवर गाडीच्या पाटीवर 'उस्मानाबाद' लिहिलेलं, आणि कंडक्टर मात्र "धाराशिव, धाराशिव!" असं ओरडत होता. मी खिडकीतून विचारलं, "अहो, आधी उस्मानाबाद येतं की धाराशिव?"

त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दोन्ही संगंच येत्यात, साहेब. तुमी बसून ऱ्हावा."

गाडीतल्या शेवटच्या बाकापर्यंत हे पोचवण्यात आलं. त्या गावाचं सरकारी नाव निजामाच्या नावावरून, आणि लोकांच्या तोंडचं नाव त्याच्याही आधीचं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी इतिहासाचा मास्तर. पण तुळजापूरला उतरेपर्यंत मी गाडीत 'ते साहेब' झालो होतो.

देवळात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. बहुतेक देव उंचावर बसून आपल्याला धाप लावतात, ही देवी दरीत बसून येताना सोपं आणि जाताना अवघड करते. गोमुखाखाली डोकं धरलं, दर्शन झालं, बायकोनं ओटी भरली, आणि आम्ही आमच्या पुजाऱ्यांच्या घरी टेकलो. त्यांनी लाल फडक्यातून लांबुडकी वही काढली. माझे आजोबा सापडले, पणजोबा सापडले. प्रत्येकाच्या बायकोची दोन दोन नावं होती, माहेरचं आणि सासरचं.

"दोन्ही कशाला?" मी विचारलं.

"तर काय! पन्नास वर्सानं नातू येतो अन् आजीचं नाव पुसतो. मामाकडचे एक सांगत्यात, काकाकडचे दुसरं. बाई एकच, अन् भांडण माझ्या ओसरीवर. म्हणून दोन्ही लिव्हून ठिवायची." पुजाऱ्यांनी टाक बुडवला. "बोला. वैनींचं सासरचं नाव?"

"सुमती."

"माहेरचं?"

आणि मला आठवेना. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. इराणचे सहा राजे मला क्रमानं पाठ होते, ग्रीसचे तत्त्ववेत्ते पाठ होते, आणि बायकोचं माहेरचं नाव आठवेना. मी ठामपणे म्हणालो, "मालती."

"मालती," बायको शांतपणे म्हणाली, "माझी धाकटी बहीण."

पुजाऱ्यांचा टाक हवेत थांबला. "तीबी तुमचीच का?"

बायकोनं स्वतःच नाव सांगितलं: द्वारका. पुजाऱ्यांनी ते लिहिलं, वाळू टाकली, वही मिटली. त्यानंतर नळदुर्गपर्यंत बायको माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

नळदुर्ग

नळदुर्गचा किल्ला मी माझ्या डोळ्यांनी कमी आणि पाठीनं जास्त पाहिला. बोरी नदीला किल्ल्याच्या आतच बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात महाल आहे. पावसाळ्यात वरून पाणी कोसळतं आणि आत बसलेला माणूस कोरडा राहतो. आम्ही गेलो तेव्हा हिवाळा होता, पाणी बेताचं होतं, पण पायऱ्यांवर शेवाळ होतं. मी बायकोला पुढं घालून, हात वर करून, आदिलशाही स्थापत्याविषयी सांगत उतरत होतो. ती ऐकत नव्हती, म्हणून मी आवाज चढवला. त्या चढलेल्या आवाजातच मी चार पायऱ्या बसून उतरलो.

बायको वळली. दोन दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य आलं:

"मालतीला बोलावू का?"

निदान बोलणं तरी सुरू झालं. वर येऊन चहाच्या टपरीवर बसलो तर टपरीवाल्यानं विचारलं, कुठले, कुठं निघालात, काय काम काढलंत. तिकडं हे तिन्ही प्रश्न चहाबरोबरच येतात, आगाऊपणा नसतो त्यात. मुरुमला जातोय म्हणालो. कामाचं विचारल्यावर माझी जीभ अडखळली. परीक्षकानं उमेदवाराच्या गावी जाणं खात्याच्या नियमात बसत नाही.

"विमा," मी म्हणालो. "मी विम्याचा एजंट आहे."

बायकोनं बशी खाली ठेवली. "आणि मी?"

"तुम्ही त्यांची मिसेस," टपरीवाला म्हणाला. त्याला यात काही अडचण दिसली नाही.

मुरुम

दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसात दाणा नुकता भरलेला, मधून मधून तुरीचे पिवळे पट्टे. काळी जमीन इतकी काळी की आपल्या चपला स्वच्छ वाटतात. मुरुमला उतरलो तर बाजारातली निम्मी बोलणी कन्नडमध्ये आणि निम्मी मराठीत चाललेली. एक व्यापारी घासाघीस मराठीत करत होता आणि गिऱ्हाईकाला शिव्या कन्नडमध्ये घालत होता, म्हणजे शिव्यांना मान राहतो.

माझ्या धंद्याची बातमी माझ्या आधी पोचली होती. बाजारपेठेत एक म्हातारबाबा आडवे आले. "मेल्यावर मिळतं म्हंता ते?"

"हो, म्हणजे वारसांना..."

"मग मेल्यावर या की." आणि ते पुढं गेले.

विम्याचा एजंट होण्याचा फायदा हा की कोणी जवळ येत नाही. मी निर्धोकपणे शाळेपर्यंत पोचलो आणि खिडकीतून आत पाहिलं. मनात देवीला म्हणालो, झोपलेला असू दे.

झोपलेला नव्हता. पन्नाशीचा, उंच, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट आणि खाली धोतर. फळ्यावर त्यानं इराणचा नकाशा काढला होता, आणि असा काढला होता की माझ्या पुस्तकातला नकाशा त्यापुढं फुटलेल्या अंड्यासारखा वाटावा. हेच सिद्रामप्पा मास्तर.

तास संपल्यावर ते बाहेर आले. "बर्री, बर्री!" म्हणत त्यांनी आम्हाला कन्नडमध्ये बोलावलं आणि मराठीत बसवलं. "बसा की. वैनी, तुमी सावलीत बसा. पुण्याहून विमा घेऊन आलात म्हणं?"

"हो," मी म्हणालो. "उतरवणार का?"

ते हसले. "साहेब, विमा कायम माणसाचा. आमी अजून कच्चे. मी गुलबर्ग्याला उर्दूत शिकलो, फारसी घेऊन पास झालो. घरात कन्नड, बाजारात मराठी, शाळेत उर्दू. मग राज्य बदललं. म्हणले, आता मराठीतनं शिकवा. शिकवतो की! परीक्षा द्या म्हणले. दिली. दोन डाव मराठी शुद्धलेखनात गेलो, ते माझंच चुकलं. तिसऱ्या डावाला मराठी सुधारली, तर पुण्यात एक परीक्षक आडवा बसलाय. त्यानं इराणचा एक राजा जादा जन्माला घातला, अन् त्याच्या पायी मला घरी धाडायला निघालाय."

बायकोनं पदर तोंडाला लावला. "कोण हो तो?" तिनं गोड आवाजात विचारलं.

"नाव कुठं कळतंय, वैनी. पर असंल कुणीतरी पुस्तकातनं पुस्तक करणारा."

"अगदी बरोबर ओळखलंत," बायको म्हणाली.

आम्ही धर्मशाळा विचारली, तर सिद्रामप्पांना ते अपमानासारखं वाटलं. त्यांच्या घरी उतरलो. त्यांच्या पत्नी, गंगाबाई, यांनी आमच्यासाठी शेंगापोळी केली: भाजलेल्या शेंगदाण्याचं आणि गुळाचं सारण, वर तूप. आधी कडक भाकरी. आमच्याकडची भाकरी मोडते, मुरुमची वाजते. पापडासारखी पातळ, दहा दिवस टिकते आणि शेंगाचटणी-दह्याबरोबर खाताना शेजारच्या घरात कळतं की तुम्ही जेवताय. मी खोटं बोलून तिसरी पोळी घेतली. पहिल्या दोन घेतानाही खोटंच बोलत होतो, पण तिसरीच्या वेळी ते जाणवलं.

जेवताना कळलं की धाकट्या भावाकडं शेत आहे, पण ते भावाच्या बायकापोरांना जेमतेम पुरतं. हे घर मास्तरांच्या पगारावर चालत होतं. सिद्रामप्पांनी हे सांगितलं नाही. गंगाबाईंनी सांगितलं, पाणी वाढता वाढता, वर न बघता: "खात्याचं उत्तर आलं की बघायचं. न्हाय तर कुणाच्या तरी दुकानात लिव्हायला बसतील. बसंनात का. पर शाळेवरनं जायाचं सोडतील, त्या रस्त्यानं."

शेतात

दुसऱ्या दिवशी सकाळी हुरडा खायला शेतावर. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव केला होता, सिद्रामप्पांचा भाऊ कणसं भाजून हातानं चोळत होता, आणि हिरवे, गरम दाणे घोंगडीवर पडत होते. बरोबर गूळ, दही, लसणाची चटणी. हुरडा ताटातून खाता येत नाही. ओंजळीतून खायचा, आणि बोलत बोलत खायचा. हे बोलणंच मला नडलं.

गंगाबाईंनी माझ्या बायकोला विचारलं, "अक्का, माहेरचं नाव काय वो तुमचं?"

"द्वारका!" मी चटकन म्हणालो. कालपरवाच पाठ केलं होतं.

"माझं नीलव्वा," गंगाबाई म्हणाल्या. "लग्नात ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीनं गंगाबाई लिव्हलं. आता माहेरी कुणी गंगाबाई म्हणून हाक मारली तर मी वळून बी बघत न्हाय. हितं कुणी निली म्हणलं तर रडू येतं."

सिद्रामप्पांनी मांडीवर थाप मारली. "हेच! हेच मला त्या पुण्याच्या परीक्षकाला सांगायचं हाय, अन् अर्जात मावंना." ते माझ्याकडं वळले. "एजंटसाहेब, ऐका. इराणात एक पोरगं जन्मलं. नाव कुरुश. त्याचं नाव ग्रीकांच्या घरी गेलं. ग्रीकाला श म्हणता येत न्हाय, अन् पुरुषाच्या नावामागं स लावल्याबिगर त्याला जेवण जात न्हाय. त्यांनी केलं कुरोस. तिथनं ते लॅटिनवाल्यांच्या घरी गेलं. त्यांनी शेपूट बदललं, कीरुस. तिथनं इंग्रजाच्या घरी. इंग्रजानं अक्षरं तशीच ठेवली अन् वाचलं, सायरस! तीन सासरं झाली, साहेब. ताटात तीन डाव तांदूळ पसरले."

"तीन सासरं!" गंगाबाई म्हणाल्या. "आमाला एकात जीव नको झाला."

"ते क्षयार्ष राजाचं ऐक. ग्रीकाकडं क्सेर्क्सेस, इंग्रजाकडं झर्क्सीज. सख्ख्या आईनं ऐकलं असतं तर म्हणली असती, कोण शिंकलं? अन् ग्रीकांना त्या शिंकेची एवढी सवय लागली, की दुसऱ्याच एका राजाला, ज्याला आमी अर्दशीर म्हणतो, त्यालाबी मागं तीच शिंक जोडली. अर्टाक्सेर्क्सेस! इंग्रजाकडं तोच आर्टाझर्क्सीज. तसंच दारा. दारा हे माहेरचं नाव, डरायस हे सासरचं. इसम एक. मी माहेरच्या नावानं हाक मारली, तर परीक्षक म्हणतो, चूक! दोन गुण वजा!"

माझ्या तोंडात हुरडा होता. तो चावत राहिलो असतो तर आज मी परीक्षक असतो. पण पंचवीस वर्षं खडू हातात धरलेल्या माणसासमोर कोणी जवळजवळ बरोबर उत्तर दिलं, की त्याच्या अंगात काहीतरी उभं राहतं. पूर्ण चूक उत्तर आम्ही सोडून देतो. जवळजवळ बरोबर सोडवत नाही.

"चूक!" मी म्हणालो. "दारा हे माहेरचं नाव नव्हेच. माहेरचं नाव दारयवहुश. संस्कृतातलं धारयत् आणि वसु आठवा. चांगलं ते धरून ठेवणारा! त्या नावाच्या पहिल्या राजानं डोंगराच्या कड्यावर स्वतः कोरून ठेवलंय ते. शेकडो वर्षं कोणाला वाचता येत नव्हतं, गेल्या शतकात वाचलं. दारा हे माहेरच्याच माणसांनी बोलून बोलून झिजवलेलं नाव, तुमच्या नीलव्वाची निली झाली तसं. अर्दशीरचंही तेच, मूळ नाव अर्तक्षत्र. म्हणून तर मी तुमचा तिथं एक गुण कापला!"

आगटीत एक दाणा फुटला. सिद्रामप्पांच्या भावाचे चोळणारे हात थांबले.

"विम्याचा एजंट," सिद्रामप्पा हळूच म्हणाले, "गुण कापतो?"

"अहो," बायको मला म्हणाली, "हातातलं कणीस खाली ठेवा."

आणि हे तरी खरं होतं का, की गुण मी अर्तक्षत्रासाठी कापला? कापला तेव्हा मला अर्तक्षत्र ठाऊकच नव्हता. ते मी मागाहून वाचनालयात वाचलं होतं. फजितीच्या भर शिखरावर उभं राहूनही मी थाप मारली होती.

सिद्रामप्पा उठले. हात धुतले. कोटाची सगळी बटणं लावली. मला वाटलं, आता हात जोडतील, किंवा शिव्या देतील. दोन्हीची तयारी होती.

"साहेब, हे तुमी बरं केलं न्हाय," ते म्हणाले. "गुणांचं सोडा. मी खात्याला लेखी हरकत दिली. कुणाला भेटलो न्हाय, कुणाच्या पाया पडलो न्हाय. गावात सांगितलं, हक्काचं आसंल तर मिळंल. आता लोक काय म्हणतील? सिद्रामप्पानं परीक्षक घरी उतरवला, शेंगापोळी चारली, हुरडा चारला, अन् पास झाला. माझी नोकरी तुमी खरकटी केली."

मी आयुष्यात पुष्कळदा शरमलो आहे. बायकोकडं यादी आहे. पण त्या सकाळी जी शरम वाटली तिला विनोदाची एकही बाजू सापडेना, आणि मी शोधत होतो.

"मी खुलासा लिहून देतो," मी म्हणालो. "इथंच. सगळं लिहितो."

"सगळं म्हंजे?"

"हुरड्यासकट."

त्यांनी शबनम पिशवीतून कागद काढला, दौत काढली, आणि बांधावर पाटी आडवी ठेवली. मी लिहायला लागलो. दोन ओळी लिहिल्या तेवढ्यात ते खांद्यावरून वाचून म्हणाले, "असं न्हाय चालायचं. 'मला वाटतं' काढा. खात्याला वाटत न्हाय काही. अन् 'सबब' घाला. सबब दिसल्याबिगर वरचा साहेब सही करत न्हाय." निजामाच्या कारभारात वाढलेला माणूस. शेवटी खुलासा असा झाला:

'दारा व डरायस हा इसम एकच असून शेवटच्या लढाईत एकदाच हरला आहे. निम्नस्वाक्षरी करणाऱ्याच्या पुस्तकात तो दोनदा हरला, ही निम्नस्वाक्षरी करणाऱ्याची चूक होय. अर्दशीर हे नावही ग्राह्य आहे. सबब उमेदवाराचे तीन गुण परत करण्यात येत आहेत. निम्नस्वाक्षरी करणाऱ्याने खोटा धंदा सांगून उमेदवाराच्या घरी मुक्काम केला, दोन वेळा भोजन केले व शेतात हुरडा खाल्ला. उमेदवारास ओळख नव्हती.'

मी सही करणार, तोच सिद्रामप्पांनी माझा हात धरला.

"थांबा. एक गुण माझा जास्त हाय."

"कुठला?"

"कैखुसरो म्हंजेच कुरुश, असं मी लिव्हलंय. तुमी पुरा गुण दिला. ते कुठं सिद्ध झालंय? जुन्या इराणी कथेतला राजा तो. तुमच्या पुस्तकात तसं हाय म्हणून लिव्हलं. पटलं नव्हतं. तेवढा एकच गुण मी भिऊन मिळवलाय. तो काढा."

"काढला तर तुम्ही एका गुणानं नापास!"

"मग नापास."

मी भावाकडं पाहिलं. भाऊ विस्तवाकडं पाहत होता. गंगाबाईंनी नवऱ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की मी त्यांच्या जागी असतो तर सगळ्या जगाचा इतिहास मागं घेतला असता. सिद्रामप्पा हलले नाहीत. मी तोंड उघडलं आणि, प्रवासात पहिल्यांदाच, मिटलं.

बोलली माझी बायको. "भाऊ, ह्यांच्या पुस्तकातलं वाचून लिहिलंत ना?"

"व्हय."

"पुस्तक ह्यांचं, चूक ह्यांची, ती पुस्तकात छापून विकली ह्यांनी. मग तिचा दंड तुम्ही का भरायचा? त्याची शिक्षा ह्यांनाच होऊ द्या. लिहा हो खाली, कैखुसरोचीही चूक माझीच."

सिद्रामप्पांनी खुलासा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मग म्हणाले, "वैनी, हे कायद्यात बसतं."

मी लिहिलं. सही केली. एका कागदावर तीन चुका कबूल करायचा हा माझा पहिलाच प्रसंग. पोस्टात त्यांनी पाकीट हातात घेतलं नाही. पोस्टमास्तरांसमोर मीच चिकटवलं, मीच रजिस्टर केलं. पावती मी त्यांना देऊ लागलो तर तीही घेईनात. ती गंगाबाईंनी घेतली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली.

पुणे

दोन महिन्यांनी खात्याचं उत्तर आलं. उमेदवार उत्तीर्ण, नोकरी कायम. खाली माझ्यासाठी वेगळी ओळ होती: यापुढं माझ्या सेवेची आवश्यकता नाही. त्याखाली कोणा टेबलावरच्या चिकित्सक माणसानं शाईनं जोडलं होतं, 'हुरड्याचे प्रमाण नमूद नाही.' मी उलट टपाली कळवलं: पोटभर.

खिडकीजवळची खुर्ची भूगोलाच्या मास्तरांनी घेतली. मी प्रकाशकाकडं गेलो, म्हणालो, नव्या आवृत्तीत सिकंदराचा दुसरा विजय काढून टाका. त्यांनी पुस्तक चाळलं आणि मान हलवली. "एक पान काढलं तर फॉर्म सोळा पानांचा भरत नाही. राहू द्या हो. दोनदा हरला तर आपलं काय जातंय?" पुस्तक तसंच छापलं, आणि नेहमीसारखंच चांगलं खपलं. मुरुमपर्यंत.

जून उलटल्यावर सिद्रामप्पांचं कार्ड आलं. अक्षर तेच, गोल:

'आपले पुस्तक पोरांनी यंदाही विकत घेतले आहे. शाळा सुरू झाल्याबरोबर घरून मैद्याची खळ करून नेली, व पान अठ्ठेचाळीस आणि पान एकोणपन्नास एकमेकांस चिकटवून घेतली. खळ मंडळींनी केली, चांगली झाली, एकही पान सुटलेले नाही. तेवढा भाग मी तोंडी शिकवतो. कळावे.'